येते, म्हणजे तुलेन

तळवड्याच्या चौकात कंपनीची बस नेहमीसारखी अडकली होती, आणि विशाखाच्या हातातल्या फोनमध्ये तिची नात बूट घालून बसली होती. फोटो सुनेनं, रीकानं, पाठवला होता. तिकडच्या घरांना बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामध्ये एक चिंचोळी खोली असते, कोट आणि बर्फातले बूट काढून ठेवायची. तिथल्या बाकावर पाच वर्षांची आयनो. अंगात पिवळा कोट, मांडीवर छोटी सॅक, तोंड दाराकडे. फोटो मागून काढलेला, म्हणून चेहरा नव्हता. टोपीखालून आलेल्या दोन वेण्या होत्या आणि त्यातली एक सुटत आली होती. विशाखाचं बोट आपोआप पुढे झालं, वेणी घट्ट करायला, आणि काचेला लागून फोटो मोठा होत गेला, इतका की नुसता पिवळा रंग उरला.

खाली रीकाचं इंग्रजी होतं. रीकाचं इंग्रजी तिच्यासारखंच होतं, उंच, सरळ, कुठेही न वाकणारं. आई, आयनो कालपासून इथे बसते आहे. पाळणाघरात जात नाही. म्हणते, मुम्मो, म्हणजे आजी, येणार आहे. तुम्ही दर रविवारी फोन ठेवताना तिला सांगता, मी येते. सुरुवातीला मलाही ते खरं वाटलं होतं. मी वरची खोली आवरून ठेवली होती, तुमच्यासाठी लोकरीचे मोजे आणले होते. आता मला कळलंय की तुम्ही येणार नाही. पण पुढच्या महिन्यात आम्ही यारीच्या गावी, उत्तरेला, राहायला जातो आहोत, आणि आयनो हे घर सोडायला तयार नाही. ती म्हणते, आपण गेलो तर मुम्मोला घर कसं सापडेल? तुम्ही येणार नाही, हे तिला तुमच्या तोंडून सांगा. माझ्यावर तिचा विश्वास नाही.

"काय झालं ताई?" शेजारची मिनल म्हणाली. मिनल क्वालिटीला होती, सकाळच्या बसमध्ये अर्धी झोपेत आणि अर्धी दुसऱ्यांच्या फोनमध्ये असायची. "कुणाचा मेसेज?"

"तिकडचा."

"नात ना? किती गोड! कुठं निघाली सॅक घेऊन?"

कुठं निघाली नाही गं, माझी वाट बघतेय, हे वाक्य विशाखाच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं, जसं आयनो बसली होती, दाराकडे तोंड करून. "शाळेत," ती म्हणाली. बस हलली, इंद्रायणीच्या पुलावर पुन्हा थांबली. खाली पाण्यावर पांढरा फेस होता. लांबून बर्फासारखा दिसायचा. धम्मरत्न लहानपणी म्हणायचा, आई, आपल्याकडे पण बर्फ पडतो. पुढे तो खऱ्या बर्फात गेला आणि पहिल्या हिवाळ्यात त्यानं फोन करून सांगितलं होतं, "आई, खोटं नाही सांगत, हा फेसासारखाच दिसतो."

कंपनीत आल्यावर हात आपोआप कामाला लागले. म्हाळुंग्याच्या त्या शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बनत. बोर्डावरच्या खिळ्यांमधून रंगीत वायरी ओढायच्या, एकत्र धरायच्या, काळी टेप गुंडाळत जायचं. कुणाच्या तरी गाडीच्या पोटात जाणारी आतडी. डोकं लागत नाही, बोटं लागतात, आणि म्हणूनच विशाखाला फिनिश इथेच आलं होतं. बसमध्ये एका कानात वायर घालून ऐकायचं आणि लाइनवर उभं राहिलं की टेपच्या प्रत्येक वेढ्याला एक शब्द पुटपुटायचा. तालो, घर. तालोस्सा, घरात. तालोस्ता, घरातून. हे कळलं तेव्हा ती एकटीच हसली होती. ही तर आपल्यासारखीच भाषा, शब्दाच्या शेपटाला सगळं बांधून चालणारी! एवढ्या लांबची, एवढ्या थंडीतली, आणि चालते मात्र आपल्या गल्लीतल्या बाईसारखी, पदराला किल्ल्या बांधून. सुपरवायझर शेखर म्हणायचा, "काकू, फिनिश राहू द्या, आपल्या लेबलवरचं इंग्रजी वाचा तेवढं." तिला ते वाचता येत होतं. बारावीनंतर कॉलेज सुटलं होतं, वाचणं सुटलं नव्हतं. पण फिनिश ती कुणाला दाखवायला शिकली नव्हती. धम्मरत्न होता तोवर तो मध्ये बसायचा, आयनोचं आजीला आणि आजीचं आयनोला पोचवायचा, थोडं स्वतःच्या मनाचं घालून. तो गेल्यावर पहिल्या रविवारी फोन लागला तेव्हा तीन वर्षांची आयनो बराच वेळ काहीतरी बोलत राहिली, हात हलवून, डोळे मोठे करून, आणि विशाखा नुसती "हो का? हो का बाळा?" म्हणत राहिली. मग आयनो थांबली. लहान पोरांना कळतं, समोरच्याला कळत नाहीये ते. तिनं आजीकडे जसं पाहिलं, तसं दुकानाच्या काचेमागच्या बाहुलीकडे पाहतात. त्या दुपारी विशाखानं फोनमध्ये पहिला धडा उघडला.

मराठीतून फिनिशमध्ये जायला थेट रस्ता नव्हता. मध्ये इंग्रजीचा टोलनाका. फोनमधली बाई इंग्रजी क्रियापद सांगायची आणि पुढे त्याचं फिनिश. ईट, स्लीप, गो, कम. कम म्हणजे तुल्ला. मी येते, मिना तुलेन. पाचवीपासून येणारा शब्द, कम. बाई वर्गात बोटानं खूण करून म्हणायच्या, कम हिअर, आणि सगळ्या पोरी खिदळत पुढे जायच्या. त्याच्यात अडायला काय होतं? काहीच नव्हतं. तिनं फोन ठेवताना म्हणायचं ते मराठीतून उचललं, इंग्रजीवरून नेलं, फिनिशमध्ये ठेवलं, आणि वाटेत काही सांडलं असेल असं तिच्या मनातही आलं नाही. "मिना तुलेन, आयनो." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आयनो हसली होती. विशाखाला केवढं सुख झालं होतं, आपलं वाक्य पोचलं म्हणून. ते खरंच पोचलं होतं. आता तिला कळत होतं कुठे पोचलं होतं ते.

टेपचा वेढा सुटला. तिनं पुन्हा धरला. सासू, केसरबाई, यमुनानगरच्या या घरात सून म्हणून आलेल्या विशाखाला पहिल्या आठवड्यात म्हणाली होती, "जाते म्हनू नये गं बाई. येते म्हनावं. जातंय ते मढं." तेव्हा विशाखा नुसती गिरणीत दळण घेऊन निघाली होती. पण शब्द लागला. या घरात मग कुणी कधी कुठे गेलंच नाही. सगळे येत राहिले. नवरा, भीमराज, पहिल्या पाळीला निघताना येतो म्हणायचा. धम्मरत्न परीक्षेला येतो म्हणायचा. चाकणच्या त्या क्रेनच्या कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी फिनलंडला पाठवलं तेव्हा विमानतळावर, काचेच्या दाराशी, तो मुद्दाम म्हणाला, "चला, जातो!" आणि विशाखानं सगळ्यांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला. "येतो, येतो," तो हसत म्हणाला, "येतो गं माझी आई." आला. दोन वर्षांनंतर तिकडेच राहिला, तरी दर वर्षी आला. एकदा रीकाला घेऊन आला, एकदा पोटात आयनो असलेल्या रीकाला. शेवटच्या रविवारी फोन ठेवताना तो येतोच म्हणाला होता. आणि मधल्याच कुठल्याशा दिवशी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या डोक्यात रक्त झालं, आणि बाजूच्या माणसाला वाटलं, भारतीय आहे, थंडीनं पेंगला असेल. म्हणजे शब्द काही कामाचा नव्हता. हे तिला तेव्हाच कळलं होतं. तरी ती तो सोडेना, जसं एखादी बाई बंद पडलेलं घड्याळ रोज हातात बांधते.

तिकडे माणूस गेल्यावर पुरायची घाई नसते. आठवडे जातात. विशाखाला वाटलं होतं, तोवर पोचता येईल. पण भीमराजची मूत्रपिंडं तेव्हाच थकली होती. आठवड्यातून तीनदा चिंचवडला डायलिसिस, आणि घरून नेणारं-आणणारं, पाणी मोजून देणारं, रात्री पाय सुजले की दाबणारं दुसरं कोण? त्यामुळे त्यांनी मुलाला फोनवर पाहिलं. रीकाच्या भावानं फोन धरला होता. पांढरी पेटी, पांढरी जमीन, झाडं काळी. भीमराज पलंगावर बसून, हात जोडून, त्रिशरण म्हणाला, आणि आवाज तिकडे उशिरा पोचत होता. इथे त्याचं संघं सरणं संपलं तरी तिकडे माणसं अजून धम्माच्या ओळीपाशी माना खाली घालून उभी होती. मग कुणीतरी फोन खिशात टाकला. बराच वेळ त्यांना नुसता कापडाचा अंधार दिसत होता आणि बर्फात चालणाऱ्या बुटांचा आवाज ऐकू येत होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भीमराज पलंगावर उशीला टेकून टीव्ही बघत होता, आवाज बंद करून. आवाज नसला की बातम्या कमी खोटं बोलतात, असं त्याचं म्हणणं. पिंपरीच्या कंपनीत चाळीस वर्षांच्या आसपास यंत्रांच्या गडगडाटात काढल्यावर त्याला शांतता गोड लागायची, आणि युनियनमध्ये काढल्यामुळे वाद.

"तोंड का असं? शेखरनं पुन्हा काही म्हटलं?"

तिनं मेसेज वाचून दाखवला. इंग्रजी, मग मराठी. फोटो दाखवला. त्यानं चष्मा वर केला, खाली केला.

"म्हणजे तू पोरीला दर रविवारी येते म्हणत होतीस?"

"मग काय म्हणू? जाते म्हणू?"

"म्हणायचं. जातच होतीस की फोन ठेवून भाकरी थापायला."

"अहो, असं म्हणतात का."

"नवस सोडले, अंगारे सोडले, गंडेदोरे सोडले. आमच्या आईनं दिलेला हा एक शब्द सुटेना तुला." तो आता सभेतल्यासारखा सरळ बसला होता. "रोज संध्याकाळी वंदना म्हणतेस ना? गच्छामि, गच्छामि. अर्थ काय त्याचा? जातो. बुद्धाला शरण जातो. तिथं बरी नाही जीभ अडत."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तिथं कुणी मागं उभं नसतं," विशाखा म्हणाली, "दारात."

टीव्हीवर कुणीतरी तोंड उघडझाप करत होतं. भीमराजनं आपला डावा हात, सुया टोचून टोचून दोरखंडासारखा झालेला, उजव्या हातात धरला आणि कुणा दुसऱ्याचा असावा तसा पाहिला. "असं कर," तो म्हणाला, "सांग तिला, येते म्हणून. खरंच येते. फक्त थोडं थांब म्हणावं. आजोबा गेले की येते."

"तोंड आवरा."

"चेष्टा केली गं."

"कळली."

पण ती हसली नाही आणि तोही नाही, कारण त्यांच्यामध्ये पलंगावर आता ते वाक्य येऊन बसलं होतं, आणि ते खरं होतं. भात लावताना, कुकरच्या शिट्ट्या होताना, विशाखाला ते सगळ्या बाजूंनी दिसत राहिलं. तिला जायचं होतं. त्या खोलीत, त्या बाकावर, त्या पिवळ्या कोटाशेजारी जाऊन बसायचं होतं, इतकं की पोटऱ्यांना गोळे येत. आणि ती जाऊ शकणार होती ती एकाच वाटेनं, भीमराजवरून. म्हणजे दर रविवारी आपण येते, येते म्हणत होतो तेव्हा हा पलीकडच्या खोलीत पडून ऐकत होता. फिनिश त्याला येत नव्हतं. पण तुलेन हा एक शब्द इतक्या वेळा ऐकल्यावर आला नसेल? तिनं भाताखालचा गॅस बारीक केला. तो किती महिने, आपण हिला जा म्हणावं की नाही, याचा विचार करत असेल? तिला एकदम त्याच्यावर इतकी माया आली की ती बाहेर जाऊन त्याच्यावरच खेकसली, "पाणी किती प्यालात आज? तो ग्लास रिकामा कसा झाला?"

रविवारपर्यंत ती वाक्य घोटत राहिली. एन तुले. येत नाही मी. दोन एवढेएवढे शब्द, टेपचा अर्धा वेढा. बसमध्ये म्हणून पाहिले, लाइनवर म्हणून पाहिले, सांगवीला मावसबहिणीच्या नातवाच्या बारशात बायका पाळणा म्हणत होत्या तेव्हा मनात म्हणून पाहिले. शब्द येत होते. त्यांच्यामागून आयनोचा चेहरा आला की मात्र ती पुन्हा पहिल्या शब्दापाशी यायची. इंग्रजीत म्हटलं असतं तर? इंग्रजीत माणूस काहीही म्हणू शकतो; ती ऑफिसची भाषा, दुसऱ्याच्या खुर्चीत बसून बोलायची. फिनिश मात्र ती या एकाच माणसाशी बोलली होती. त्या भाषेत तिनं आजवर कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. त्या भाषेत तिचं कुणाशी भांडण नव्हतं, उधारउसनवार नव्हती, कुणी मेलेलं नव्हतं. कोण आवडतं, काय खाल्लंस, तुझ्या बाहुलीला थंडी वाजते का, एवढंच होतं. त्या छोट्याशा स्वच्छ घरात आता तिला पहिल्यांदा चपला घालून शिरायचं होतं.

रविवारी दुपारी, तिकडे सकाळ असताना, फोन लागला. ती नेहमीच्या खुर्चीत बसली. भीमराज म्हणाला, "मी आत पडतो," आणि आत गेला, पण दार लोटलं नाही. पडद्यावर आधी रीका आली, केस ओले, आणि नुसती मान हलवली. तिच्यामागे खोकी रचलेली होती, आणि एक ढगळ स्वेटर घातलेला माणूस, रीकाचा नवा जोडीदार यारी, टेप लावत होता. वाईट माणूस दिसत नव्हता. नाव ऐकून भीमराज पहिल्यांदा हसला होता, "यारी? बरंय, नावातच दोस्ती," आणि मग आपण हसलो म्हणून दिवसभर जेवला नव्हता. रीकानं फोन उचलून त्या चिंचोळ्या खोलीत नेला आणि आयनोच्या हातात दिला.

"मुम्मो," आयनो म्हणाली. "मिल्लोइन?" कधी?

विशाखानं तोंड उघडलं. आयनोच्या डोळ्यांखाली झोप न झालेल्या मोठ्या माणसासारख्या रेघा होत्या. डोळे धम्मरत्नचे, काळे. बाकी सगळं पांढरं. "आयनो," ती म्हणाली, "कूंतेले." ऐक. आणि मग म्हणाली. "एन तुले."

आयनो ऐकत राहिली, जणू अजून वाक्य संपायचं आहे.

"मिक्सी?" का?

का ते तिनं पाठ केलं होतं. आजोबा आजारी आहेत. मी त्यांच्याजवळ राहते. मी रविवारी फोन करीन, नव्या घरी पण करीन. घर मला सापडेल, फोनमधून सापडतं. तुटक, शेपट्या चुकीच्या जागी लागलेली वाक्यं, पण आयनोला तिची फिनिश पहिल्यापासून अशीच माहीत होती. मागे टेप फाडल्याचा आवाज थांबला होता. आयनोनं मान हलवली, थोडी, मोठ्या माणसांना बरं वाटावं म्हणून मुलं हलवतात तशी. विशाखाला वाटलं, झालं. एवढंच होतं.

"या इसा?" आयनो म्हणाली. आणि बाबा? "तुलेको इसा?" बाबा येणार?

आधी विशाखाला कळलंच नाही, कारण शब्द सगळे कळले होते. मग तिनं पाहिलं की आयनो तिच्याकडे पाहत नाहीये. तिच्या खांद्यावरून, थोडं वर पाहतेय. विशाखाच्या खुर्चीमागे भिंतीवर धम्मरत्नचा फोटो होता, कंपनीच्या कार्यक्रमातला, निळ्या शर्टातला, पांढऱ्या फुलांचा हार घातलेला. या खुर्चीत उजेड चांगला यायचा म्हणून ती इथे बसायची. दर रविवारी आयनोला आजी दिसत होती आणि आजीच्या मागे, तिच्याच घरात, हसत उभा असलेला बाप. आई म्हणायची बाबा पोइस्सा आहे, इथे नाही. बरोबर. इथे नव्हता. तिथे होता, मुम्मोकडे. मुम्मो दर रविवारी येते म्हणत होती. ती काय त्याला मागे ठेवून आली असती? पोर बूट घालून बसली होती ती कुणासाठी, हे विशाखाला कळलं, आणि आतल्या खोलीत पलंग करकरला, काही न कळताही भीमराज उठून बसला होता.

रीका पडद्याच्या कडेला आली. तिचा हात तोंडावर होता. ती फोन घेईल, विशाखाला वाटलं, घे बाई, घे. रीकानं घेतला नाही.

"एइ," विशाखा म्हणाली. नाही. मग पूर्ण वाक्य म्हणाली. "एइ तुले, आयनो. इसा एइ तुले."

आयनो रडली नाही. विशाखा त्या रडण्याची वाट पाहत होती, रडली असती तर काही करता आलं असतं, आजीला रडणाऱ्या पोराचं सगळं येतं, कुठल्याही भाषेत. आयनो नुसती पाहत राहिली, फोटोकडे, आणि मग तिच्याकडे, आणि पुन्हा फोटोकडे. मग बोटानं खूण केली. "क्यान्ना." वळव. विशाखाला कळेना. "क्यान्ना पुहेलिन, मुम्मो." फोन वळव.

ती उठली. खुर्ची बाजूला सरकवली. फोन उलटा केला आणि फोटोसमोर धरला, हार आडवा येत होता म्हणून दुसऱ्या हातानं तो थोडा वर उचलला. आता तिला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. फक्त फोनची पाठ, आणि तिच्या पलीकडे मुलाचा निळा शर्ट. हात वर धरून दुखायला लागला. फोनच्या पलीकडून आयनोचा आवाज आला, हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा.

"हेइ हेइ, इसा."

तिकडे हेइ एकदा म्हटलं की भेटलो, दोनदा म्हटलं की निरोप. हे विशाखा पहिल्याच धड्यात शिकली होती आणि तिनं कधी वापरलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली. अजून काही येईल, पोर अजून बघत असेल, आपण हात खाली घेतला तर मध्येच तुटेल, म्हणून तिनं मनगट दुसऱ्या हातानं सावरलं. हारातली एक पाकळी तिच्या बोटांवर पडली. मागे पावलं आली, सरपटत, भिंत धरून. भीमराज तिच्या मागे येऊन थांबला. त्यानं बाजूनं पुढे वाकून फोनचा पडदा पाहिला.

"अगं," तो म्हणाला, "बंद झालाय. मघाचाच बंद झालाय."

"असू द्या," विशाखा म्हणाली, आणि हात खाली घेतला नाही.